जाडी तार बोलेना

ऑर्केस्ट्रातली बाई म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर गाणारी बाईच येते. मी गाणारी नव्हते. हौस दांडगी होती, पण गळा देवानं दुसऱ्याच कुणाला तरी दिला होता. एकदा मैत्रिणीच्या नादानं राजारामपुरीतल्या एका ऑर्केस्ट्राच्या चाचणीला गेले, तर दोनच ओळी ऐकून मास्तरांनी हात वर केला.

"बास, पोरी. पाणी पी आणि घरला जा."

मी पाणी प्यायले, पण घरी गेले नाही. खोलीच्या कोपऱ्यात भिंतीला टेकवून एक गिटार ठेवली होती. चारच तारा, पण एकेक तार केवढी जाड! मी ती उचलून मांडीवर घेतली आणि सगळ्यात वरची, सगळ्यात जाडी तार अंगठ्यानं ओढली. ती विजेवर चालणारी गिटार, त्यामुळे आवाज असा काही आलाच नाही. पण ती तार माझ्या मांडीत थरथरली, तिथून पोटात गेली आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. ती वाजवणारा माणूस बँकेत चिकटून पुण्याला गेला होता आणि मास्तरांना दुसरा मिळत नव्हता.

"मी वाजवतो की हे," मी म्हणाले. आम्ही कोल्हापूरच्या पोरी 'मी येतो, मी जातो' असंच बोलतो, त्यात मास्तरांना काही वावगं वाटलं नाही. वावगं वाटलं ते वाजवण्याचं. खोलीतले सगळे हसले. मास्तरही हसले, पण हंगाम तोंडावर आला होता, त्यामुळे ते हसता हसता मध्येच थांबले.

तेव्हा टीव्ही घरोघरी पोचला नव्हता. गाणी ऐकायची तर रेडिओवर, नाहीतर ऑर्केस्ट्रात, आणि ऑर्केस्ट्रा गल्लीत आला की माणसं जेवणं आटोपून सतरंज्या घेऊन जागा धरायची. मी सकाळच्या शाळेत चिल्ल्यापिल्ल्यांना बाराखडी शिकवायचे, दुपारी मास्तरांकडे जाऊन ती चार तारांची बेस गिटार शिकायचे. मास्तर अकॉर्डियन वाजवायचे. तोंडानं फटकळ, पण शिकवायला बसले की हातचं राखायचे नाहीत. वर्षभरात मी कार्यक्रमांत उभी राहायला लागले, पदर खोचून, गळ्यात पट्टा अडकवून. पहिल्यांदा लोकांनी शिट्ट्या मारल्या. पुढं त्यांची मान ठेक्यावर हलायला लागली, तेव्हा मला शिट्टीपेक्षा जास्त आनंद झाला.

आता आण्णांबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय या गोष्टीला अर्थच नाही. आण्णा म्हणजे माझे वडील. उद्यमनगरात एका कारखान्यात लोखंड ठोकायच्या हॅमरवर त्यांची उमेदीची वर्षं गेली, आणि त्या हॅमरनं त्यांचे कान नेले. समोरच्याचं बोलणं ते ओठांवरून ओळखायचे आणि स्वतः बोलायचे ते अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं. तरुणपणी गाण्याचा भारी नाद होता त्यांना. आता रेडिओ म्हणजे त्यांच्या लेखी कपाटावर ठेवलेला एक डबा होता, आणि मी ऑर्केस्ट्रात काय करते हेही त्यांना नीट कळलं नव्हतं.

घरी सरावाला अ‍ॅम्प्लिफायर नव्हता. म्हणून मी एक युक्ती काढली होती. आमच्याकडं आईच्या लग्नातलं लाकडी कपाट होतं. गिटारीचं टोक त्या कपाटाच्या दाराला टेकवून तार छेडली की अख्खं दार घुमायचं आणि आतले स्टीलचे डबे किणकिणायचे. एकदा दुपारी आण्णा त्याच कपाटाला पाठ लावून शेंगा सोलत बसले होते. मी जाडी तार ओढली, आणि ते असे दचकले की सूपच उपडं झालं.

"आलं की!" ते ओरडले. "पाठीत आलं! पुन्यांदा कर!"

मी पुन्हा केलं. बारीक तारा वाजवल्या तर ते नकारार्थी मान हलवायचे; जाड्या तारेवर आले की लगेच बोट वर. मग रोजच दुपारी ते कपाटाला टेकून बसायला लागले. गाणं कुठलं ते मी ओठांनी सांगायचे, आणि आण्णा डोळे मिटून पाठीनं ऐकायचे. इतक्या वर्षांनी त्यांच्यापर्यंत काहीतरी पोचत होतं आणि ते माझ्या बोटांतून जात होतं. खरं सांगते, त्या एका तारेसाठी मी बाकीच्या तिन्ही तारा कुणालाही देऊन टाकल्या असत्या.

त्या वर्षी मास्तरांनी मनावर घेतलं. माझ्या बेसचा आवाज ज्यातून यायचा त्या जुन्या बॉक्समधला स्पीकर फाटका होता, त्याला जागोजागी कागद चिकटवलेला. मास्तरांनी मुंबईहून बारा इंची दोन नवेकोरे स्पीकर आणवले आणि सुताराकडून दोन्ही मावतील असा कपाटाएवढा बॉक्स करून घेतला. खंडेनवमीला सगळ्या वाद्यांची पूजा असायची. त्या दिवशी कुणी वाद्याला हात लावायचा नाही, फक्त नमस्कार करायचा. स्पीकरच्या कागदाला ओलं बोट लागू नये म्हणून मास्तरांनी दोन्ही स्पीकर पाटावर पालथे ठेवले, एकाच्या लोहचुंबकावर झेंडूचा हार घातला, आणि हळदीकुंकू, अक्षता, उदबत्ती सगळं स्वतःच्या हातानं केलं. दुसऱ्याला काही करू द्यायची सवय त्यांना नव्हतीच. दसऱ्याला सकाळी मुहूर्तावर दोन्ही स्पीकर त्यांनी स्वतःच बॉक्समध्ये बसवले, स्वतःच तारा जोडल्या.

"लाल ते लाल, काळं ते काळं," ते म्हणाले. "त्यात काय हाय एवढं?"

संध्याकाळी सोनं वाटून झाल्यावर पहिला सराव. मी तर सकाळपासून हवेत होते! घरी आण्णांना सांगून आले होते की कोजागिरीला राजारामपुरीतच कार्यक्रम आहे, आणि या वर्षी त्यांनी यायचंच.

"मला कळंल काय तितं?" त्यांनी विचारलं होतं.

"कळंल," मी ओठ नीट हलवून सांगितलं. "बॉक्स लई मोठा हाय."

मी गिटार लावली, बारीक तारा छेडल्या. स्वच्छ, टणटणीत आवाज! मास्तर खुशीत आले. मग मी जाड्या तारेवर बोट टाकलं आणि बॉक्समधून नुसतं टक् झालं. खाली काहीच नाही. अंधारात जिना उतरताना शेवटची पायरीच नसावी आणि पाऊल अधांतरी पडावं, तसं मला झालं. पुन्हा वाजवली. पुन्हा टक्.

"जोर लाव की," मास्तर म्हणाले.

मी जोर लावला. तार दांडीवर आपटून खडखडली, पण घुमली नाही. मग सगळं गाणं वाजवून पाहिलं. वर वर जावं तसा आवाज भरत होता, आणि खाली आलं की कुणीतरी तोंडावर हात ठेवल्यासारखा गप्प.

"बोटात दम न्हाय," मास्तरांनी निकाल दिला. "बारीक तारांपत्तोर ठीक हाय. जाडी तार म्हंजे बाईमाणसाचं काम न्हवं."

"जुन्या बॉक्सात वाजत हुती की!"

"जुन्यात फाटक्या कागदाचा आवाज हुता त्यो. नव्यात खरं काय ते ऐकू आलं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते रागाचं होतं. मास्तर काही वाईट माणूस नव्हते. त्यांना कार्यक्रमाची काळजी होती. पण तोंडाला लगाम म्हणून नाही. जाता जाता म्हणाले, "कोजागिरीपत्तोर तार बोलली तर तू उभी ऱ्हा. न्हाईतर वडगावचा माझा भाचा येतोय, त्यो वाजवंल." पेठ वडगावच्या या भाच्यानं कॉलेजच्या गॅदरिंगात गिटार वाजवली होती, एवढीच काय ती त्याची पुण्याई.

घरी आले आणि हातपाय न धुताच गिटार कपाटाला टेकवली. जाडी तार ओढली. दार घुमलं, डबे किणकिणले, आण्णांनी बोट वर केलं. माझ्या जिवात जीव आला, आणि त्याच क्षणी डोकंही पेटलं. तार बोलत होती, माझी बोटं बोलत होती. मग मास्तरांच्या बॉक्समध्ये गेलं की दोन्हींची दातखीळ का बसत होती?

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तडक सरावाच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेले. सोबतीला आमचा ड्रमवाला होता. तो माझ्याहून लहान, मला अक्का म्हणायचा. त्याच्या वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आणि ईदला त्याच्या घरून येणाऱ्या शिरखुर्म्यावर आमचा अख्खा ऑर्केस्ट्रा टपलेला असायचा. त्याच्याकडं वायरींना कथलाचा डाग द्यायची इस्त्री होती, पक्कड होती, आणि मास्तरांनी मला बोल लावलेला त्याला आवडला नव्हता.

"बघू की अक्का," तो म्हणाला. "तार असू दे न्हाईतर वायर, कुटंतरी मुरतंय पाणी."

पहिला संशय तारांवर. नव्या तारा कोल्हापुरात मिळणं मुश्कील, म्हणून जुन्या तारा सोडवून उकळत्या पाण्यात टाकायच्या. तारांच्या वेटोळ्यांत बसलेला बोटांचा मळ त्यानं निघून जातो. मी त्या आईच्या आमटीच्या पातेल्यात उकळल्या. आई बघतच राहिली. "आता हेचंच कालवण करून जेवा सगळी," ती म्हणाली आणि नवं पातेलं घासायला घेतलं. तारा लखलखीत झाल्या, बारीक तारा तर घंटेसारख्या वाजायला लागल्या. जाडी मात्र ढिम्म.

मग गिटारीतल्या, तारेचा आवाज पकडणाऱ्या चुंबकाचे स्क्रू पिळून तो तारेच्या जवळ आणला. इतका जवळ की तारच त्याला घासायला लागली. पुन्हा खाली नेला. वायर बदलली. अ‍ॅम्प्लिफायर बदलला, गाणाऱ्यांचा जोडून पाहिला, तरी तेच. बटण पूर्ण पिळलं तर बॉक्स नुसता गुरगुरायला लागला, पण माझी तार काही उचलेना. बॉक्स मध्ये ठेवला, भिंतीला लावला, कोपऱ्यात ढकलला. कोपऱ्यात थोडासा फरक पडला, तेवढ्यावरच आम्ही दोघं नाचलो. मग शेडच्या दाराशी जाऊन ऐकलं तर पुन्हा पालथ्या घड्यावर पाणी.

मधेच भाचा येऊन गेला. दंड फुगवलेला, बाह्या वर केलेल्या. त्यानं जाडी तार अशी उपसली जशी काही विहिरीतून घागर काढतोय. बॉक्समधून टक् आलं.

"बघा मास्तर," मी म्हणाले, "हेच्या बोटात तर दम हाय न्हवं?"

"सवय न्हाय त्याला अजून," मास्तर म्हणाले. "होईल."

मला जमलं नाही तर बोटं दुबळी, आणि भाच्याला जमलं नाही तर नुसती सवय नाही! त्या दिवशी मी घरी जाईपर्यंत स्वतःशी मोठमोठ्यानं भांडत होते. गल्लीतली माणसं वळून बघत होती.

आण्णांनी मात्र तयारी सुरू केली होती. कोजागिरीसाठी फेटा धुऊन ठेवला होता. ज्याला त्याला सांगत सुटले होते, "पोरीचं ऐकायला चाललोय." ऐकायला! हा शब्द त्यांच्या तोंडून किती वर्षांत आला नव्हता. आई माझ्याकडं बघायची, मी कपाटाकडं बघायचे. कोजागिरीला जाडी तार बोलली नाही तर आण्णा त्या सगळ्या माणसांत बसणार आणि नुसते ओठ हलताना बघणार, आणि माझ्या जागी भाचा उभा असणार. हे मला सहनच होत नव्हतं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मास्तर कोडोलीला पुढच्या कार्यक्रमाची सुपारी घ्यायला गेले. बॉक्स उघडायचा नाही, अशी त्यांची सक्त ताकीद होती. "मी सोता जोडलाय. त्यात हात घालायचं काय कारण न्हाय." ते एसटीत बसले असतील नसतील, तोवर आम्ही बॉक्सचं पाठीमागचं फळकूट उघडलं होतं.

आत बघितलं तर सगळं व्यवस्थित. दोन स्पीकर, एकाखाली एक, पाठीवर अजून पूजेच्या अक्षता चिकटलेल्या. दोन लाल वायरी, दोन काळ्या. लाल ते लाल, काळं ते काळं. ड्रमवाल्यानं एकेक डाग नखानं हलवून बघितला. "पक्कं हाय सगळं," तो निराश होऊन म्हणाला. मी म्हणाले, तू हलवत राहा, मी वाजवत राहते. कुठं खरखरलं तर कळेल.

मी जाडी तार वाजवत राहिले. टक्. टक्. टक्. त्यानं खालच्या स्पीकरची वायर जरा जास्तच ओढली, आणि ती तुटून त्याच्या हातात आली.

"गेला! अक्का, खालचा स्पीकर गेला!"

त्याचं वाक्य पुरं झालंच नाही, कारण त्याच वेळी बॉक्स बोलला. भुम्म! शेडचा पत्रा थरथरला. माझं बोट तारेवर तसंच थांबलं. 

"पुन्हा," तो कुजबुजला.

मी पुन्हा ओढली. भुम्म! भरलेला, गोल, पायाखालून येणारा आवाज! दोन स्पीकर होते तेव्हा मुकी असलेली तार एक स्पीकर बंद पडल्यावर घुमत होती! त्यानं वायर हातानंच परत टेकवली: टक्. काढली: भुम्म! टेकवली, काढली, टेकवली, काढली. आम्ही वेड्यासारखे हसत होतो. एक माणूस कामावरून गेला आणि काम वाढलं, असं कधी होतं का? पण ते आमच्या कानांसमोर होत होतं.

"तो स्पीकरच बाद आसंल," मी म्हणाले.

"बघू की," म्हणून त्यानं बॅटरीतला सेल काढला. त्यांच्या दुकानात स्पीकर जिवंत आहे का ते असंच बघायचे. दोन्ही स्पीकर अ‍ॅम्प्लिफायरपासून सोडवले आणि आधी वरच्याला सेलच्या वायरी टेकवल्या: लालला सेलचं डोकं, काळ्याला बूड. खट् झालं. मग खालच्याला तसंच. तिथंही खट् झालं.

"जिवंत हाय की! मग?"

मी बॉक्सच्या पुढच्या बाजूला बसले होते. त्याला खट् ऐकू आलं होतं, मला दिसलं होतं.

"परत लाव. वरच्याला."

वरच्या स्पीकरचा काळा कागद टुणकन बाहेर आला.

"आता खालच्याला. तसंच, लालला डोकं."

खालच्या स्पीकरचा कागद टुणकन आत गेला!

मी ओरडलेच. वर बोट ठेवलं: बाहेर. खाली बोट ठेवलं: आत. पुन्हा. पुन्हा तेच. एकाच झोपाळ्याला दोघं समोरासमोर उभे राहून ढकलत असावेत, तसं चाललं होतं. एक हवा पुढं लोटत होता, दुसरा तीच हवा मागं ओढत होता, आणि माझी तार त्या दोघांच्या मध्ये चिरडून मरत होती. बारीक सूर थोडेफार निसटून जात होते. जाड्या तारेला तेवढी सुटका नव्हती.

"पन लाल ते लालच हाय की, अक्का," ड्रमवाला डोकं खाजवत म्हणाला.

मी पाठीमागं गेले, कंदिलाची काच पुसावी तसा डोळ्यांवरचा घाम पदरानं पुसला आणि नीट बघितलं. वरच्या स्पीकरच्या, वायरी जोडायच्या पट्टीवर लाल ठिपका होता, रंगाचा, गुळगुळीत, कारखान्यातून आलेला. खालच्याच्या पट्टीवरही लाल ठिपका होता. पण तो जरा मोठा होता, कडेनं पसरलेला, आणि त्याला एक तांदूळ चिकटला होता. त्याच्या शेजारी दुसऱ्या टोकावर वाळलेल्या हळदीचा पिवळा थर. मी नखानं ती हळद जराशी खरवडली. खाली लाल ठिपका होता, रंगाचा, गुळगुळीत.

मास्तरांचं कुंकू! खालच्या स्पीकरवर झेंडूचा हार होता, म्हणून चुंबकावर लावायला जागा राहिली नव्हती आणि मास्तरांची बोटं वायरी जोडायच्या पट्टीवर गेली होती. हळद खऱ्या खुणेवर बसली आणि कुंकू शेजारी. दुसऱ्या दिवशी मास्तरांनीच ते लाल बघितलं आणि लाल वायर त्याला जोडली. पूजा त्यांची, जोडणी त्यांची, आणि बोटं माझी दुबळी!

मी त्या शेडमध्ये जमिनीवर बसून इतकी हसले, इतकी हसले की शेजारच्या गिरणीतली बाई पिठाचा डबा घेऊन बघायला आली. मग मला एकदम रडू आलं. मग पुन्हा हसू आलं. ड्रमवाला इस्त्री तापत घालून शांतपणे म्हणाला, "अक्का, आधी डाग देऊ. मग काय ते कर."

मास्तर आले तेव्हा फळकूट अजून उघडंच होतं. दारातच त्यांचा आवाज चढला. "कुणी उघडलं? कुणी सांगितलं उघडायला?"

मी गिटार गळ्यात घातली आणि जाडी तार ओढली.

त्यांच्या हातातली पिशवी तशीच हातात राहिली. छपरावरच्या पत्र्यातून धूळ खाली आली. मी खाली, आणखी खाली उतरले आणि त्या सुरावर थांबले. मास्तरांनी पिशवी खाली ठेवली, बॉक्ससमोर उकिडवे बसले आणि स्पीकरसमोर तळहात धरला. हवा हाताला लागत होती.

"आयला," एवढंच ते म्हणाले.

मग मी त्यांना हात धरून मागं नेलं आणि तो तांदूळ चिकटलेला ठिपका दाखवला. ते बराच वेळ वाकून बघत राहिले. मला वाटलं आता चिडतील. ड्रमवाला ओल्या फडक्यानं पट्टी पुसायला गेला तर त्यांनी त्याचा हात धरला. "कुंकू पुसायचं न्हाय. ऱ्हाऊ दे. वायर बदललीस न्हवं, मग झालं." आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "आणि तू जरा बेतानं वाजीव. पत्रं पडतील."

माफी मागण्याच्या जवळपास मास्तर याहून कधी गेले नाहीत, आणि मलाही ते पुरलं. भाच्याला त्यांनी खंजिरी दिली. तो ती फार छान वाजवायचा, हे कबूल करायला हवं.

कोजागिरीला राजारामपुरीतल्या त्या मैदानावर जेवणवेळ व्हायच्या आत सतरंज्या पसरल्या होत्या. एका कडेला चुलाण्यावर दुधाची कढई होती, केशराचा आणि जायफळाचा वास सुटला होता. पुढच्या रांगेत लाकडी घडीच्या खुर्च्या. त्यांतल्या एकीवर आण्णा, धुतलेला फेटा बांधून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, आणि शेजारी आई. मी स्टेजवरून बघत होते. फळ्यांच्या त्या स्टेजवर माझ्या पाठीमागं बॉक्स उभा होता, त्याच्या मागच्या अंगाला कुंकू तसंच होतं.  एक वेगळीच भीती वाटत होती: शेडमध्ये पत्रा थरथरतो, पण हे उघडं मैदान. इथून तिथवर पोचेल का?

मास्तरांनी अकॉर्डियन उघडलं. गाणारी उभी राहिली, तिचे ओठ हलायला लागले. आण्णा तिच्याकडं बघत होते, समंजसपणे, जसे ते लग्नांत वाजंत्र्यांकडं बघायचे तसे. ड्रमवाल्यानं माझ्याकडं बघून भुवया उडवल्या आणि काठी आपटली. मी जाड्या तारेवर बोट टाकलं.

आण्णा एकदम मागं वळले. कुणीतरी खुर्चीला लाथ मारली असं त्यांना वाटलं! मागच्या माणसाकडं त्यांनी रागानं बघितलं. तो बिचारा मांडी घालून गाण्यात रमला होता. मी पुन्हा तार ओढली. आण्णा गर्रकन पुढं वळले. त्यांनी आधी खुर्चीकडं बघितलं, मग पायाखालच्या जमिनीकडं, आणि मग माझ्याकडं. मी फक्त मान हलवली. त्यांनी हात गुडघ्यांवरून उचलले आणि खुर्चीच्या लाकडी फळीवर, दोन्ही बाजूंना, तळवे पसरून ठेवले. डोळे मिटले.

ते गाणं मी कसं वाजवलं ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं की माझी नजर एकदाही बोटांवर गेली नाही. आण्णांचा फेटा ठेक्यावर हलत होता. गाणारीच्या सुराला नाही, अकॉर्डियनला नाही. मी खाली गेले की खाली, मी थांबले की थांबायचा. आईनं तोंडाला पदर लावला होता.

गाणं संपलं, टाळ्या पडल्या. टाळ्या आण्णांना ऐकू येत नव्हत्या, त्यामुळे त्या थांबायची वाट बघायचं त्यांना काही कारण नव्हतं. ते खुर्चीवरून उठले आणि त्यांच्या त्या गल्लीभर जाणाऱ्या आवाजात स्टेजकडं बघून ओरडले,

"एवढं मोठं कपाट कुठनं आणलंस गं?"

सगळं मैदान हसलं. कुणालाच काही कळलं नव्हतं. मास्तरांनी चमकून माझ्याकडं बघितलं. एवढ्या लांबून माझे ओठ आण्णांना वाचता आले नसते. म्हणून मी जाडी तार एकदाच, सावकाश ओढली आणि घुमू दिली. आण्णा खाली बसले, खुर्चीवर हात ठेवले आणि बोट वर केलं.